रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करायचंय? पहिल्या फोनपासून पहिल्या वर्षापर्यंत

नऊ वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या एका रात्री कल्याण स्थानकाच्या पुलावर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा कुडकुडत बसलेला दिसला. अंगात मोठ्या माणसाचा शर्ट, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी त्याला वडापाव घेऊन दिला, चार शब्द बोलले आणि रिक्षात बसवून सरळ घरी घेऊन आले. आईने गरम पाणी काढलं, वरणभात वाढला. तो पोटभर जेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. सकाळी उठून बघते तर दार नुसतं लोटलेलं आणि मुलगा नाही.

पुढे कामाला लागल्यावर एका जुन्या कार्यकर्त्या ताईंना हे सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अनोळखी माणूस खायला देतो, गोड बोलतो आणि घरी नेतो. पोरांना पळवणारे वेगळं काय करतात?" ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. मी त्या मुलाला नेमकी त्याच गोष्टीची सवय लावत होते, जिच्यापासून त्याला वाचवायला हवं होतं. तो माझ्या घरी आहे हे कुणालाही ठाऊक नव्हतं आणि कुठेही नोंद नव्हती. वाटेत त्याचं काही बरंवाईट झालं असतं तर तो या जगात होता हेही कुणाला कळलं नसतं.

ज्यांना मनापासून काही करावंसं वाटतं, पण कुठून सुरुवात करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझी पहिली दोन वर्षं ज्या चुकांत गेली त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत.

१. आधी मूल कोणत्या परिस्थितीत आहे ते ओळखा

'रस्त्यावरची मुलं' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. प्रत्यक्षात ती तीन तऱ्हेची असतात आणि तिघांसाठी करायचं काम वेगळं.

पहिली मुलं आई-बापासोबत रस्त्यावर राहतात. पुलाखाली, फुटपाथवर, सिग्नलजवळ. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर गजरे विकणारी मुलं यातलीच. त्यांची कुटुंबं मराठवाड्यातल्या दुष्काळी भागातून आलेली, त्यात पारधी समाजाची घरं बरीच. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांनी २०१६ साली त्याच उड्डाणपुलाखाली सिग्नल शाळा सुरू केली. मुलांना शाळेत बोलावत बसण्याऐवजी शाळाच मुलांच्या दारात आणली. या मुलांना घर आहे, फक्त त्याला भिंती नाहीत. त्यांना आईपासून तोडणं ही मदत नव्हे. बाल न्याय कायद्यातही मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे. आई-बाप गरीब आहेत एवढ्या कारणावरून मूल त्यांच्यापासून दूर करता येत नाही.

दुसरी मुलं एकटी. घरातून पळून आलेली, हरवलेली किंवा कुणी आणून सोडलेली. ही रेल्वे स्थानकांवर जास्त दिसतात, कारण गाडीत बसायला त्यांना कुणी अडवत नाही आणि गाडी जिथे रिकामी होते तिथे ती उतरतात. सगळ्यांत जास्त धोका यांना. आल्यापासूनचे पहिले काही तास फार मोलाचे असतात.

तिसरी मुलं वस्तीत राहतात. दिवसभर भंगार वेचतात, पाण्याच्या बाटल्या विकतात, सदऱ्याने डब्याची फरशी पुसून पैसे मागतात आणि रात्री घरी जातात. यांचा प्रश्न मुख्यतः शाळेचा आणि बालमजुरीचा.

मूल कोणत्या तऱ्हेचं हे कळायला तुम्हाला दोन-तीन भेटी लागतील. एकटं दिसलं तर मात्र थांबू नका, पुढची पायरी लगेच.

२. एकटं मूल दिसलं तर: पहिला तास

१०९८ हा क्रमांक पाठ करा. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र सुरू असतो. मुलं त्याला 'दस-नौ-आठ' म्हणतात. १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून जेरू बिलिमोरिया यांनी ही सेवा सुरू केली. २०२३ पासून ती सरकारच्या महिला व बालविकास यंत्रणेमार्फत चालते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. जिवावर बेतलं असेल, मारहाण चालू असेल, कुणी मुलाला ओढून नेत असेल तर सरळ ११२ लावा.

फोनवर एवढं सांगा:

- नेमकी जागा. "स्टेशनवर" म्हणून भागत नाही. फलाट क्रमांक, कोणता पूल, कोणत्या टपरीजवळ.
- अंदाजे वय, मुलगा की मुलगी, अंगावरचे कपडे.
- जखम, ताप, नशा, रडणं यातलं काही दिसतंय का.
- सोबत कुणी मोठं माणूस आहे का.
- तुमचा क्रमांक, आणि माणूस येईपर्यंत तुम्ही थांबणार आहात का.

थांबता येत असेल तर थांबाच. मी आजवर जितके फोन केले त्यात सगळ्यांत जास्त मुलं हातची गेली ती फोन झाल्यापासून माणूस पोहोचेपर्यंतच्या अर्ध्या-पाऊण तासात. गप्पा मारा, पण उजेडात, चार लोकांच्या नजरेसमोर. हात धरून ओढू नका, तोंडावर प्रश्नांची सरबत्ती करू नका. शेजारी बसून पाणी पुढे केलं तरी पुरतं. रेल्वेच्या हद्दीत असाल तर रेल्वे सुरक्षा दल किंवा लोहमार्ग पोलिसांनाही सांगा. मोठ्या स्थानकांवर मुलांसाठी मदत कक्ष असतो, त्याची जागा एकदा मोकळ्या वेळी बघून ठेवा.

हे आपल्या मर्जीवर सोडलेलं नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ३२ प्रमाणे पालकांपासून तुटलेलं मूल कुणालाही सापडलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत कळवावंच लागतं: १०९८ ला, जवळच्या पोलीस ठाण्याला, बालकल्याण समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला. नोंदणी असलेल्या बालगृहातही सोपवता येतं. न कळवणं हा गुन्हा आहे. मी त्या मुलाला घरी ठेवलं तेव्हा हे कलम मला ठाऊक नव्हतं.

मूल घरी नेऊ नका, तुमच्या ओळखीच्या निपुत्रिक जोडप्याकडे तर अजिबात देऊ नका. हेतू कितीही चांगला असला तरी प्रक्रियेबाहेर मूल देणं-घेणं बेकायदा आहे. आणि फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. मुलाची ओळख उघड करण्यावर कलम ७४ ने बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय "हा मुलगा सापडलाय" असा फोटो फिरला की खोटा मामा हजर व्हायला वेळ लागत नाही.

३. पुढे काय होतं: बालकल्याण समिती

मूल आणल्यापासून २४ तासांत बालकल्याण समितीसमोर उभं करावं लागतं. प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असते. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात किमान एक बाई. त्यांना प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. समिती मुलाला तात्पुरतं बालगृहात किंवा खुल्या निवारागृहात ठेवते आणि गृहचौकशीचा आदेश काढते. म्हणजे मुलाच्या घरी माणूस जाऊन परिस्थिती बघून येतो. हा अहवाल १५ दिवसांत यावा आणि चार महिन्यांत अंतिम निर्णय व्हावा अशी कायद्यात सोय आहे. दूरच्या राज्यातलं मूल असेल तर प्रत्यक्षात जास्त दिवस लागतात, तेव्हा धीर सोडू नका.

नवख्यांना समितीची भीती वाटते. मलाही वाटायची. पण तिथे न्यायालयासारखा पिंजरा नसतो, टेबलाभोवती बसून बोलणं होतं. मुलाला आधीच सांगून ठेवा: "हे लोक तुला शिक्षा करायला बसलेले नाहीत. तुला काय हवंय ते विचारतील, खरं सांग." हे कुणी सांगितलेलं नसलं की मूल घाबरून खोटं नाव देतं आणि त्या खोट्या नावाची फाईल वर्षभर फिरत राहते.

४. एकट्याने काही उभं करू नका, आधी संस्थेत जा

स्वतःची संस्था काढायची घाई करू नका. किमान दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काम करा. महाराष्ट्रात या कामाची मोठी परंपरा आहे. मुंबईतलं स्नेहसदन १९६२ पासून मुलांना छोट्या घरांतून, कुटुंबासारखं वाढवतं. प्रेरणा या संस्थेने १९८० च्या दशकात कामाठीपुऱ्यात देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी रात्रीचं केंद्र सुरू केलं. आईच्या कामाच्या वेळी मूल सुरक्षित राहावं, इतकी साधी आणि अचूक कल्पना. डोअर स्टेप स्कूल १९८८ पासून मुंबईत आणि नंतर पुण्यात वस्त्यांच्या आणि बांधकामांच्या दारात शिकवतं, त्यांची बसमधली शाळा अनेकांनी पाहिली असेल. घर सोडून आलेल्या मुलांना फलाटावर गाठून घरी परत नेण्याचं काम समतोल फाउंडेशन करतं. सलाम बालक ट्रस्ट आहे, नगरचं स्नेहालय आहे. तुमच्या गावात नाव नसलेलं पण काम असलेलं कुणीतरी असेलच.

निवडताना नाव किती मोठं ते बघू नका, पुढचे प्रश्न विचारा:

- मुलं निवासी असतील तर बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खालचं नोंदणी प्रमाणपत्र आहे का? ते पाच वर्षांचं असतं. तारीख बघा. बिननोंदणीचं बालगृह चालवणं गुन्हा आहे.
- बाल संरक्षण धोरण लेखी आहे का, आणि माझ्याकडून त्यावर सही घेणार का?
- मी मुलासोबत एकटी असणार का? उत्तर "हो, काय झालं त्यात" असं आलं तर निघून या.
- मुलाला तक्रार करायची असेल तर ती कुणाकडे करतं? पेटी असेल तर ती शेवटची कधी उघडली?
- मागच्या वर्षी किती मुलं घरी गेली आणि त्यांतल्या किती जणांची सहा महिन्यांनी चौकशी केली?

एका संस्थेत मला पहिल्याच दिवशी, कसलीही विचारपूस न करता, वीस मुलांच्या खोलीत सोडून सगळे निघून गेले होते. त्या वेळी मला विश्वास टाकल्यासारखं वाटलं. आता कळतं की मी कोण आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. माझ्या जागी कुणीही असू शकलं असतं. जी संस्था तुमची कसून चौकशी करते तीच मुलांची खरी काळजी घेते. चौकशीचं वाईट वाटून घेऊ नका.

आणखी एक खूण: मुलांना ओळीत उभं करून पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला लावणारी, वाढदिवसाचा केक कापायला रोज नवे लोक आणणारी जागा टाळा. ज्या मुलाच्या आयुष्यातून माणसं सारखी निघून गेली आहेत, त्याला तासाभराचे काका-मावशी आणखी एकदा सोडून जातात.

५. तुमच्याकडे लागणारी कागदपत्रं आणि सामान

- आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, चार फोटो.
- पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. आधीच करून ठेवा, यात दिवस जातात.
- तुम्हाला ओळखणाऱ्या, पण नात्यात नसलेल्या दोघांची नावं.
- संस्थेचं ओळखपत्र. फलाटावर काम करायचं तर रेल्वेची परवानगी संस्थेमार्फतच घ्या.
- शिवलेली वही आणि पेन. सुटे कागद नकोत.
- मलमपट्टीची छोटी पेटी. स्वतःहून गोळ्या देऊ नका, तापाचीही नाही.
- पाण्याची बाटली, नखं कापायचा नेलकटर, कंगवा.

नेलकटरचं हसू येईल, पण माझी निम्मी मैत्री त्याने झाली. नखं कापताना मूल समोर बसतं, हात पुढे करतं आणि तुमच्या डोळ्यांत न बघता बोलू शकतं. फलाटावरच्या मुलांचे हात बघा एकदा. काळवंडलेली कातडी, भेगांत बसलेलं वंगण, आणि त्यातल्या एका मुठीत जपून धरलेला रुमाल. त्या रुमालाला वास असतो. त्याबद्दल पुढे येईलच.

६. पहिले तीन महिने: नेमाने जा, बाकी काही करू नका

वार ठरवा, वेळ ठरवा, जागा ठरवा. आमचे मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार ते सहा. नेहमी दोघं मिळून. पाऊस असो, मेगाब्लॉक असो, पाच मिनिटं का होईना, दिसायचंच. मुलं तुमची परीक्षा घेतात. शिव्या देतात, चप्पल पळवतात, दोन आठवडे ओळखच दाखवत नाहीत. एका मुलाने मला सात आठवड्यांत पाच नावं सांगितली. मी पाचही नावं वहीत तारखेसह लिहिली आणि त्या त्या दिवशी त्याच नावाने हाक मारली. आठव्या आठवड्यात तो शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, वही दाखव." आपली पाच नावं पाहून बराच वेळ गप्प राहिला. मग खालचं एक खोडून सहावं सांगितलं. ते खरं होतं.

म्हणून वही महत्त्वाची. रोजचं लिहा: कोण दिसलं, कोण नाही, कुणाच्या अंगावर नवीन जखम, कुणाच्या हातात अचानक नवा फोन. मूल बेपत्ता झालं तर पोलिसांना सांगायला तुमच्याकडे तेवढंच असतं. वही संस्थेत कुलपात ठेवा. त्यातलं घरी, मैत्रिणींत, कुठेच बोलू नका.

पैसे देऊ नका. जे पैसे मुलाच्या हातात पडतात ते त्याच्याजवळ राहत नाहीत. मोठी पोरं किंवा दुसरंच कुणी काढून घेतं, नाहीतर त्या पैशांतून नशेचं सोल्युशन येतं. खाऊही रोज नको, नाहीतर तुमची वाट पाहणं आणि खाऊची वाट पाहणं यातला फरक मिटतो. तुम्हाला पाळता येणार नाही असा एकही शब्द देऊ नका. "तुला शाळेत घालीन", "तुझ्या आईला शोधीन" ही वाक्यं तुम्ही विसरता, मूल विसरत नाही. "पुढच्या मंगळवारी येईन" एवढं पुरे, आणि मग या.

आता त्या रुमालाचं. पंक्चर काढायचं सोल्युशन, व्हाइटनर किंवा थिनर रुमालावर ओतून मुलं तो हुंगतात. भूक मरते, थंडी लागत नाही, रात्री एकटं वाटत नाही. हे त्यांचंच सांगणं. म्हणून रुमाल हिसकावून घेऊ नका. त्याने काही साधत नाही, विश्वास मात्र जातो. संस्थेच्या समुपदेशकाला सांगा, गरज पडली तर व्यसनमुक्ती केंद्रात समितीच्या आदेशाने पाठवता येतं. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला मात्र कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुकान कोणतं हे मुलं बोलता बोलता सांगतात. ते नोंदवा आणि संस्थेमार्फत तक्रार करा.

७. शोषणाच्या खुणा, आणि त्या दिसल्यावर काय करायचं

प्रत्येक भीक मागणाऱ्या मुलामागे टोळी असते असं समजू नका. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत मुलामागे त्याची स्वतःचीच थकलेली आई होती. पण टोळ्या नाहीतच असंही नाही. या गोष्टींकडे लक्ष ठेवा: दूर उभं राहून नजर ठेवणारं माणूस, दर थोड्या वेळाने त्याच्याकडे जाऊन पैसे देणारं मूल, भर गोंगाटात तासन् तास न हलता झोपलेलं तान्हं बाळ, प्रत्येक प्रश्नाला पाठ केल्यासारखं तेच उत्तर, संध्याकाळी ठराविक वेळ जवळ आली की वाढणारी बेचैनी. मुलाला भिकेला लावणाऱ्याला कलम ७६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे. त्यासाठी मुलाला अपंग केलं असेल तर किमान सात वर्षं. भीक मागणारं मूल मात्र गुन्हेगार नाही, कायद्याच्या भाषेत ते 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' आहे. पोलीस ठाण्यात कुणी वेगळं बोलू लागलं तर हे शब्द नीट, शांतपणे उच्चारा.

मजुरीबाबत: १४ वर्षांखालच्या मुलाला हॉटेलात, गॅरेजात, घरकामाला ठेवणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण बंद आहे. १४ ते १८ मध्ये धोक्याच्या कामांना बंदी. तक्रार १०९८ वर करा किंवा केंद्र सरकारच्या 'पेन्सिल' पोर्टलवर. स्वतः जाऊन मालकाशी भांडू नका, तासाभरात मूल दुसरीकडे हलवलं जातं.

लैंगिक अत्याचाराचं मूल क्वचितच सरळ सांगतं. "एक काका आहे, तो रात्री झोपायला जागा देतो," असं कधीतरी निघतं. ते ऐकल्यावर चेहरा शांत ठेवा. पुढचं खोदून विचारू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, ते काम प्रशिक्षित माणसाचं. तीन गोष्टी सांगा: तुझ्यावर माझा विश्वास आहे, यात तुझी काही चूक नाही, आणि हे मला एका माणसाला सांगावंच लागेल. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण तुम्ही ते पाळू शकत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा, तुमचा अर्थ मिसळू नका. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय, मुलाला बरं वाटेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हे माहीत असलं की तुम्ही आग्रह धरू शकता.

आणि एक विनंती, अगदी कळकळीची. संशय आला म्हणून आरडाओरडा करून गर्दी जमवू नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा गावात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच माणसांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवा त्याआधी गावोगाव पोहोचल्या होत्या. मुलांच्या काळजीपोटीच लोक चिडतात, आणि त्यात मारला जातो तो आपल्यातलाच सगळ्यांत गरीब माणूस. लांब उभं राहून ११२ लावा.

पारधी किंवा इतर भटक्या-विमुक्त कुटुंबांशी बोलताना हेही ध्यानात ठेवा: इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं आणि तो शिक्का कागदावरून पुसला गेला १९५२ साली. पोलीस म्हटलं की ती आई मूल उचलून का पळते, हे मग कळतं. तिथे पहिल्या दिवशी फाईल काढू नका, आधी बसा.

८. शाळा आणि कागद

"जन्मदाखला नाही, आधार नाही, प्रवेश कसा देणार?" हे उत्तर तुम्हाला मिळेलच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून ६ ते १४ वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, आणि त्याला वयानुरूप वर्गात बसवून मागचं भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावं लागतं. मुख्याध्यापकांशी वाद घालू नका, कलमाची प्रत सोबत न्या आणि अर्जाची पोच घ्या. शिक्षण विभागात 'बालरक्षक' म्हणून काम करणारे शिक्षक असतात, त्यांना गाठा. हे लोक सोन्यासारखे असतात. कुटुंब हंगामापुरतं आलं असेल तर गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागवा, म्हणजे इथली हजेरी तिथे धरली जाते.

आई किंवा नातेवाईक मूल सांभाळायला तयार आहेत, पण पैशांनी अडले आहेत, अशा वेळी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना बघा. २०२३ पासून मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. मुलाचं व पालकाचं आधार, रहिवासी व उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, पालक वारले असल्यास मृत्युदाखला, बँकेचं पासबुक अशी कागदपत्रं मागतात. एजंट गाठू नका, अर्ज विनामूल्य आहे.

९. वेळ नाही, पण पैसे द्यायचे आहेत

तेही मोलाचं आहे. चेकने किंवा ऑनलाइन द्या, पावती घ्या, विश्वस्त संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि लेखापरीक्षण अहवाल मागा. दोन हजारांच्या वर रोख दिल्यास प्राप्तिकराची सवलत मिळत नाही. परदेशातल्या मराठी मंडळींनी एक बघावं: तुम्ही परकीय नागरिक झाला असाल तर तुमची देणगी फक्त परकीय योगदान नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवायला ती अट नाही.

ब्लँकेट, जुने कपडे, दिवाळीचा फराळ यापेक्षा समुपदेशकाचा पगार द्या. याला देणगीदार मिळत नाही, आणि मूल टिकतं ते त्याच्यामुळेच.

१०. घरी परत नेताना

घर सापडलं म्हणजे काम झालं असं नव्हे. मूल पळालं त्याला कारण असतं. बापाचा मार, सावत्रपण, परीक्षा, किंवा नुसती मुंबई बघायची हौस. गृहचौकशी नीट झाल्याशिवाय आणि समितीच्या आदेशाशिवाय पाठवू नका. मूल "नको" म्हणत असेल तर ते समितीसमोर बोलू द्या. घरातच त्रास देणारा असेल, तर घर हे उत्तर नाही.

गाव शोधण्याची एक युक्ती. लहान मुलांना जिल्हा, तालुका सांगता येत नाही. गावाचं नाव विचारलं की ती गप्प होतात. त्याऐवजी विचारा: बाजार कोणत्या वारी भरतो? जत्रा कुणाची? शाळेत जाताना काय लागतं? घरात आजी कोणत्या भाषेत रागावते? तो पाच नावांचा मुलगा गावाचं नाव 'वाडी' एवढंच सांगायचा. पण गुरुवारी बाजार, वाटेत साखर कारखान्याची चिमणी आणि नदीवर उतरता पूल हे त्याला पक्कं आठवत होतं. तीन फोनमध्ये ग्रामपंचायत सापडली.

त्याला सोडायला गेलो तेव्हा आई शेतावर होती. निरोप गेल्यावर ती तशीच चिखलाच्या पायांनी आली आणि काही न बोलता त्याची नखं बघत राहिली. निघताना मी शाळेच्या गुरुजींचा आणि आशाताईंचा क्रमांक वहीत घेतला. तुम्हीही घ्या, घरच्यांचा एकच क्रमांक बंद पडतो. आठवड्याने फोन, महिन्याने फोन, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी प्रत्यक्ष भेट, अशी आमची पद्धत. दुसऱ्या महिन्यात तो पुन्हा निघाला होता. गुरुजींनी एसटी स्टँडवरून मला फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. आम्ही वीस मिनिटं बोललो. मंगळवार होता, मी फलाटावरच होते.